ओव्हनची वॉरंटी आणि उद्याची चिंता



काही प्रश्न इतके लहान दिसतात, की त्यांच्यासाठी रविवारच्या पत्रिकेची पाने खर्च करावीत का, असा संकोच वाटतो. पण लहान प्रश्नाच्या पोटात कधी कधी मोठा प्रश्न दडलेला असतो आणि तो आपल्याला बेसावध गाठतो. आम्हाला तो एका दुकानात, बिलाच्या काउंटरवर गाठला.

२०२२ सालचा नोव्हेंबर महिना होता. आपल्या सभागृहाच्या स्वयंपाकघरातला जुना ओव्हन निकामी झाला होता. नाताळात महिला मंडळ धर्मग्रामातील आजारी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी केक करते, हे आपण जाणताच. तेव्हा नवा ओव्हन घ्यायचे ठरले. अर्थसमितीचे दोघे, महिला मंडळाच्या दोघी आणि आम्ही, असे पाच जण दुकानात गेलो. साठ लिटरचा ओटीजी पसंत पडला. किंमत १५,५०० रुपये. थोडी घासाघीस झाली, चहा झाला, बिल करायला सांगितले. तेवढ्यात काउंटरवरचा तरुण म्हणाला, "फादर, कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे. आणखी २,२०० भरलेत तर पुढची दोन वर्षं टेन्शन नाही."

आम्ही वर बोट दाखवून म्हणालो, "बाळा, आमची वॉरंटी वरून येते."

सगळे हसले. तो तरुणही हसला. वॉरंटी न घेताच आम्ही ओव्हन टेम्पोत घातला.

परतताना अर्थसमितीचे एक सभासद, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत, हळूच म्हणाले, "फादर, पैसे माझे असते तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण हे लोकांचे पैसे आहेत. उद्या ओव्हन बिघडला तर उत्तर कोण देणार?" आम्ही तो विषय तिथेच थांबवला. उलट तो विनोद आम्हाला इतका आवडला, की पुढच्या रविवारी प्रवचनातही सांगितला. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने आकाशातील पाखरांकडे बोट दाखवले, त्याचा दाखला दिला आणि आजचा माणूस प्रत्येक वस्तूवर भीतीचा कर कसा भरतो, यावर पाच मिनिटे बोललो. चर्चमध्येही लोक हसले.

मिस्सा संपल्यावर एक भगिनी कार्यालयात आल्या. त्यांच्या परवानगीने, पण नाव न देता, आम्ही हे लिहीत आहोत. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "फादर, मी गेल्याच महिन्यात ओव्हन घेतला आणि ती दोन हजारांची वॉरंटीही घेतली. म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?"

त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. दोन मुले शिकत आहेत. त्या घरी केकच्या ऑर्डरी घेतात. वाढदिवस, बारसे, लग्न अशा ऑर्डरी वर्षभर थोड्याफार असतात, पण खरी कमाई डिसेंबरच्या तीन आठवड्यांत होते. त्या कमाईतून मुलांची फी भरली जाते. "तुमचा ओव्हन बिघडला तर नाताळचे केक बाहेरून येतील," त्या म्हणाल्या. "माझा बिघडला तर काय येईल?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्यांना बसायला सांगितले आणि तेव्हा लक्षात आले, की इतका वेळ आम्ही त्यांना बसाही म्हटले नव्हते.

त्या रात्री आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारला. "उद्याची काळजी करू नका" असे सांगणे आम्हाला इतके सोपे का जाते? उत्तर सोपे होते आणि लाज आणणारेही. आमच्या डोक्यावर चर्चने बांधलेले छप्पर आहे. जेवण वेळेवर समोर येते. आजारी पडलो तर धर्मप्रांत पाहून घेतो. म्हातारपणी कुठे राहायचे, हा प्रश्न आम्हाला कधी पडलेला नाही. थोडक्यात, आमची वॉरंटी वरून येते हे खरे, पण ती आपणा सर्वांच्या हातून येते. दर रविवारी दानाच्या थैलीत टाकलेल्या नोटांतून येते, आणि त्यांत त्या भगिनींचीही नोट असते. जिच्या पैशांवर आम्ही निश्चिंत होतो, तिलाच आम्ही चिंतेबद्दल बोल लावला होता.

तत्त्वज्ञान शिकत असताना एक जुना प्रश्न आमच्या वाचनात आला होता. तो त्या रात्री आठवला. डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एक लॅटिन निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. या व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅममध्ये माल विकत घेतला आहे. तो सुखरूप सेंट पीटर्सबर्गला पोहोचला तर १०,००० रूबल मिळतील. पण त्या ऋतूत निघणाऱ्या १०० जहाजांपैकी ५ बुडतात, असा अनुभव आहे. विमा उतरवणारा ८०० रूबल मागतो. आता साधा हिशेब केला तर धोक्याची किंमत ५०० रूबलच होते. म्हणजे विमेकरी ३०० रूबल जास्त मागतो आहे. मग विमा घेणारा मूर्ख आहे का?

बर्नुली म्हणतो, ते जहाजावर अवलंबून नाही. त्या व्यापाऱ्याकडे जहाजाखेरीज आणखी काय आहे, यावर ते अवलंबून आहे. त्याने गणित मांडून आकडाही दिला. व्यापाऱ्याकडे इतर मालमत्ता सुमारे ५,०४३ रूबलपेक्षा कमी असेल तर त्याने ८०० रूबल देऊनही विमा घ्यावा. त्याहून जास्त असेल तर घेऊ नये. समुद्र तोच, जहाज तेच, विम्याचा दर तोच, तरीही एका माणसासाठी विमा घेणे शहाणपणाचे आणि दुसऱ्यासाठी न घेणे शहाणपणाचे. कारण शंभर रुपये गेले तर श्रीमंताचे शंभर जातात. गरिबाच्या शंभरांबरोबर त्या दिवसाची चूलही जाते.

इतकी वर्षे आम्ही हे उदाहरण गणिताची गंमत म्हणून लक्षात ठेवले होते. त्या भगिनींच्या प्रश्नानंतर त्यातली नीती दिसली. ज्याच्याकडे पाच हजार शिल्लक आहेत त्याने, ज्याच्याकडे पाचशेही नाहीत त्याला, "घाबरतोस कशाला?" असे म्हणू नये. त्याच्या धैर्यामागे बहुतेक वेळा शिल्लक असते. विश्वास आणि शिल्लक यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे, विशेषतः आम्ही धर्मगुरूंनी.

मग डोंगरावरच्या शिकवणीचे काय? ती शिकवण सौम्य करून चालणार नाही. पण ती कोणत्या चिंतेविषयी आहे, हे पाहावे लागते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये हाच प्रश्न घेतला आहे. माणसाने भविष्याची काळजी करावी का? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की प्रत्येक काळजीला तिचा ऋतू असतो. धान्याच्या कापणीची काळजी उन्हाळ्यात करावी, द्राक्षांच्या तोडणीची शरदात. द्राक्षांची काळजी उन्हाळ्यातच करत बसलो तर ती अवेळी केलेली, अनाठायी काळजी ठरते. मुंगी वेळेवर दाणा साठवते, त्यात दोष नाही. नीतिसूत्रांत तर ती आळशी माणसाची गुरू आहे. आणि शुभवर्तमानात कोठारे मोठी करणाऱ्या ज्या धनवानाला मूर्ख ठरवले, त्याच्याकडे आधीच भरपूर होते. स्वतःच्या धान्यापलीकडे त्याला दुसरे कोणी दिसतच नव्हते. आपल्या भगिनी मुंगीसारख्या होत्या. आम्ही त्यांना त्या धनवानाच्या रांगेत उभे केले.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहाबरोबर केक दिला आणि वॉरंटीचा कागदही पुढे केला. "फादर, इंग्रजी बारीक अक्षरात आहे. जरा वाचून सांगा." आम्ही दोघांनी मिळून तो वाचला. वाचता वाचता आमचा चेहरा उतरला. त्या कागदात स्पष्ट लिहिले होते, की घरगुती वापराखेरीज व्यवसायासाठी वापर झाल्यास संरक्षण मिळणार नाही. दाराची काच, आतला दिवा, गंज, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, विजेच्या चढउताराने झालेले नुकसान, हे सगळे वगळलेले. म्हणजे पावसाळ्यात आपल्या गावात ज्या गोष्टी घडतात, त्या जवळजवळ सगळ्या बाहेर!

आणखी एक गोष्ट लक्षात आली. समजा सगळे नियम पाळले आणि दुरुस्ती फुकट झाली, तरी कारागीर येणार कधी? नाताळाच्या तोंडावर दहा दिवसांनी आला, तर सीझन गेलाच. त्या भगिनींना भीती दीड-दोन हजारांच्या हीटिंग रॉडची नव्हती. ती त्या दहा दिवसांची होती. आणि दहा दिवसांची वॉरंटी कोणतेच दुकान विकत नाही.

येथे थोडे व्यवहाराचे बोलू, कारण नीतीचा विचार हवेत राहू नये. वाढीव वॉरंटी आपल्यापुढे नेहमी शेवटी ठेवली जाते. पंधरा हजारांचा निर्णय झालेला असतो, त्याच्या शेजारी दोन हजार लहान दिसतात. तेच दोन हजार एरवी घरी बसून मागितले असते तर आपण दहा प्रश्न विचारले असते. ते दहा प्रश्न काउंटरवरही विचारावेत. ही हमी कंपनीची आहे की दुसऱ्याच कोणाची? ती कोणत्या तारखेपासून सुरू होते? काय वगळले आहे? आमचा वापर त्यात बसतो का? कागद वाचायला घरी नेऊ द्याल का? आणि विकणाऱ्या मुलावर रागावू नये. त्यालाही महिन्याचे टार्गेट असते आणि त्याच्याही घरी चूल असते. नम्रपणे नाही म्हणता येते. आम्ही केला तसा विनोद करण्याची गरज नाही.

हेही ध्यानात ठेवावे, की वस्तू मुळातच सदोष निघाली तर दाद मागण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला दिलेला आहे. तो वाढीव वॉरंटी घेतली तरच मिळतो, असे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल मात्र जपून ठेवावे. घरोघरी आपण जुन्या पत्रिका जपतो आणि बिले हरवतो!

आता राहिला आमच्या बँकवाल्या सभासदांचा प्रश्न. लोकांचे पैसे हाताळणाऱ्याने जास्त सावध असावे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि आम्ही ते हसण्यावारी न्यायला नको होते. अर्थसमितीच्या पुढच्या बैठकीत आम्ही तो विषय स्वतःहून घेतला. चर्चा चांगली झाली. तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. सावधगिरी दोन प्रकारची असते. एक, लोकांचे नुकसान होऊ नये म्हणून. दुसरी, उद्या कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात आपण लोकांच्या पैशातून स्वतःची झोप विकत घेतो. धर्मग्रामाला तीन हजारांची दुरुस्ती सोसवते. म्हणजे बर्नुलीच्या हिशेबात आपण शिल्लक असलेले व्यापारी आहोत. तेव्हा वॉरंटी नको, हा निर्णय योग्यच होता. चुकीचे होते ते त्यामागचे आमचे कारण आणि त्यावरचा आमचा विनोद.

त्याच बैठकीत असे ठरले, की वाचलेले २,२०० रुपये वेगळे ठेवावेत. त्यातून दुरुस्ती निधी सुरू झाला. पुढे वेगवेगळ्या समूहांनी त्यात भर घातली. ज्यांच्या हातातले साधनच त्यांच्या पोटाचे साधन आहे, अशा कुटुंबांना त्यातून उसने दिले जाते. आजवर शिलाई मशीन, एका रिक्षाचा टायर आणि एक मिक्सर त्यातून दुरुस्त झाले आहेत. बहुतेक पैसे परत आले आहेत. आणि ओव्हनबाबत एक साधा नियम झाला. घरी केक करून पोट भरणाऱ्या कोणाचाही ओव्हन बंद पडला, तर दुरुस्ती होईपर्यंत सभागृहाचा ओव्हन त्यांच्यासाठी उघडा.

आता कोणी विचारील, पुढे काय झाले? सांगतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सभागृहाच्याच ओव्हनचा थर्मोस्टॅट गेला. केक वरून काळे आणि आतून कच्चे राहू लागले. दुरुस्तीला २,९०० रुपये लागले. म्हणजे वॉरंटीपेक्षा ७०० जास्त. अर्थसमितीतल्या एकाने मिस्किलपणे आमच्याकडे पाहिले, आणि ते पाहणे आम्हाला मान्य आहे. त्या भगिनींचा ओव्हन मात्र आजही व्यवस्थित चालतो. त्यांची वॉरंटी एकदाही वापरली गेली नाही.

मग कोणाचे चुकले? आमच्या मते, यावरून कोणाचेच चुकले असे ठरत नाही. निर्णय घेताना आपल्याला जे माहीत असते आणि आपली जी ऐपत असते, त्यावरून त्या निर्णयाची पारख करावी. नंतर काय घडले त्यावरून नव्हे. छत्री घेतली आणि पाऊस पडला नाही, म्हणून छत्री घेणारा वेडा ठरत नाही. हे आपल्याला इतरांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागते. कोणाचे नुकसान झाले की आपण लगेच म्हणतो, "आम्ही सांगितलंच होतं." कोणाचे भले झाले की म्हणतो, "नशीब." दोन्ही वेळा आपण त्या माणसाच्या विचाराला न्याय देत नाही.

थर्मोस्टॅट येईपर्यंत बारा दिवस गेले. आजारी आणि वृद्धांचे केक राहून जाणार, अशी महिला मंडळाला काळजी पडली. तेव्हा त्याच भगिनींनी निरोप पाठवला, "रात्री नऊनंतर माझा ओव्हन मोकळा असतो. पीठ भिजवून आणा." सलग चार रात्री त्यांच्या घरी केक भाजले गेले. मंडळाने विजेचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले. आम्हाला ते आवडले. ज्याला घेता येते, त्यालाच मोकळेपणाने देताही येते.

त्या चार रात्रींपैकी एका रात्री आम्हीही तिथे गेलो होतो. स्वयंपाकघर लहान, बाया पाच-सहा, वेलची-जायफळाचा वास आणि घाम. आम्ही दारात उभे होतो. त्यांनी आम्हाला पाहिले आणि हातातले काम न सोडता म्हणाल्या, "बसा फादर." बसायला जागा नव्हती. कोणीतरी पिठाचा डबा पुढे सरकवला, त्यावर आम्ही बसलो.

बंधुभगिनींनो, हल्ली प्रत्येक वस्तूबरोबर आपल्याला एक कागदी हमी विकत मिळते. काहींना ती खरोखर हवी असते. त्यांनी ती वाचून, समजून, निःसंकोच घ्यावी, आणि त्यासाठी कोणी त्यांच्या विश्वासावर बोट ठेवू नये. ज्यांना नुकसान सोसवते, त्यांनी ती नाही घेतली तरी चालेल. मात्र त्यांनी एवढे करावे, की त्या वाचलेल्या पैशांकडे पाहताना, ज्याला नुकसान सोसवत नाही असा आपल्या आळीत कोण आहे, हे आठवावे. ऐन हंगामात आपला ओव्हन बंद पडला तर कोणाचे दार ठोठावता येईल, आणि आपले दार कोणाला ठोठावता येईल, एवढी दोन नावे प्रत्येक घराला माहीत असावीत.

या नाताळात महिला मंडळाला केकसाठी मदत लागणार आहे. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला ओव्हन आहे, त्यांनी मिस्सेनंतर आपले नाव मंडळाकडे द्यावे. वॉरंटी आहे की नाही, हे विचारले जाणार नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू